कावळा शिवला की मेल सोडायचा

केडगावात माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि दुकानात एक झेरॉक्स मशीन आहे. एवढ्या भांडवलावर आमच्या भावकीनं मला मंडळाचा चिटणीस करून टाकलं. ज्याच्याकडे झेरॉक्स त्याला कॉम्प्युटर येतो, आणि ज्याला कॉम्प्युटर येतो त्यानं नाही म्हणायचं नसतं, असा आमच्याकडचा न्याय. मंडळ म्हणजे भावकी आणि सोयरेधायरे यांचं. नगर, राहुरी, नेवासा इथली आमची माणसं, शिवाय पोटापाण्यासाठी पुण्यापासून कॅनडापर्यंत पांगलेली, सगळी त्यात धरलेली. वर्षातून एकदा स्नेहभोजन करायचं आणि उरलेलं वर्ष कोण गेलं ते एकमेकांना कळवायचं, हे मंडळाचं कार्य.

आधी हे कळवाकळवीचं काम व्हॉट्सॲपवर चालायचं. मग एकदा आमचे एक चुलते दवाखान्यात होते, त्यांचा सलाईन लावलेला फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला. त्याखाली एका शहाण्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्यात पहिल्यानं जे लिहिलं तेच खालचे सगळे लिहितात. वाचायचे कष्ट कोण घेतो! धडाधड श्रद्धांजल्या पडल्या. शेवटी खुद्द चुलत्यांनी पलंगावर पडल्या पडल्या हात जोडून विचारलं, 'फार वाईट झालं. पण गेलं कोण?' ते आजही ठणठणीत आहेत आणि त्या दिवशी कोणी कोणी श्रद्धांजली वाहिली ते त्यांना तोंडपाठ आहे.

त्यानंतर मंडळाचे अध्यक्ष, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी बैठक घेतली. इथून पुढे मयत आणि लग्न या दोन गोष्टी फक्त ईमेलवर. "मेलला वजन असतं," आबा म्हणाले. त्यांनी तोवर एकही मेल बघितला नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार. मी मंडळाच्या नावानं एक पत्ता काढला, ज्यांना मेल नव्हता त्यांना नातवंडांकडून काढून घ्यायला लावला, आणि कामाला लागलो. कोणी गेलं की नाव, गाव, दहावा कुठे आणि प्रवचन कोणाचं, हे लिहून सगळ्यांना एकदम पाठवायचं. माणसं येत होती, दहाव्याला गर्दी होत होती. म्हणजे मेल पोचत होते. मला वाटलं, चला, एक काम तरी धड झालं.

आणि मग माझ्या ताईचं लग्न ठरलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. साठी ओलांडलेली, नर्स म्हणून निवृत्त झालेली. मेव्हणे जाऊन पाच वर्षं झाली होती, मंडळाचा पहिला मयताचा मेल मी पाठवला तो त्यांचाच. मूलबाळ नाही. राहुरीला घर करून एकटी राहायची आणि गल्लीतल्या लोकांचं ब्लडप्रेशर फुकट तपासायची. तिथेच एक गृहस्थ यायला लागले. शेतीखात्यातून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी पुण्याला. त्यांचं ब्लडप्रेशर डॉक्टरकडे अगदी नॉर्मल असायचं आणि ताईकडेच वाढलेलं निघायचं. ताई दर वेळी मशीनलाच दोष द्यायची. दोन मशिनं बदलली बाईनं! शेवटी त्या गृहस्थांच्या मुलीनंच सरळ विषय काढला आणि मशीन सुटलं.

मला तर इतका आनंद झाला की दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. लहानसा हॉल, मोजकी माणसं, पण मंगलाष्टका व्हायच्याच, असा त्या मुलीचा हट्ट. ताईची मात्र एकच अट. ती अट तिनं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली.

"नेवाशाहून होकार आला तर मी उभी राहीन. नाही आला तर राहू दे. आहे तशी बरी आहे मी."

नेवासा म्हणजे तिचं सासर, मेव्हण्यांचं घर. तिथं आता तिचे थोरले दीर. वय झालेलं, रीतीभातीला भलते कडक. सुतक, सोवळं, मानपान यातलं एक पान हलू द्यायचे नाहीत. पण मेव्हणे आजारी होते तेव्हा हाच माणूस रोज एसटीनं नगरला डबा घेऊन यायचा. आणि मेव्हणे गेले त्या दिवशी बायका ताईच्या बांगड्या फोडायला सरसावल्या, तेव्हा हाच माणूस मधे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या घरात काकण फुटनार न्हाई." का, कशासाठी, काही सांगितलं नाही. रीत मोडली आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पिंडाच्या तांदळावरून भटजीशी भांडले. त्या दिवसापासून ताईला त्यांच्यापुढे बाकी जगाची किंमत नाही. तो माणूस नाराज झालेला तिला चालणार नव्हता. बास.

"मग जाऊन पाया पड, सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमच्या भावाच्या जागी दुसरा आणतेय, अक्षता टाकायला या, असं तोंडावर सांगू? त्यांना नाही म्हणायचं असलं तर समोरासमोर कसं म्हणतील ते? मंडळाच्या मेलनं जाऊ दे पत्रिका. ज्याला यायचं नाही त्याला तोंड चुकवायची वेळ नको."

मला ते पटलं. मी पत्रिका झकास केली. वर गणपती, कडेनं मोराची पिसं, विषयाच्या जागी 'आनंदाची बातमी' आणि त्यापुढे बोट दुखेपर्यंत उद्गारचिन्हं. पाठवली सगळ्यांना एकदम.

कोणी हूं की चूं केलं नाही.

आठवडा गेला, दुसरा लागला. एकाचाही फोन नाही, मेल नाही. एरवी मयताचा मेल टाकला की चहा व्हायच्या आत 'प्रवचनाला दुसरे महाराज नव्हते का' म्हणून फोन येतात. इथे स्मशानशांतता. ताई आधी रोज विचारायची, मग विचारायची बंद झाली. एक दिवस म्हणाली, "त्यांनी ठरवलंय सगळ्यांनी मिळून. असू दे. या वयात मला हे सुचलंच कसं?" मग मला खोटं खोटं हसून दाखवलं आणि पोहे परतायला लागली. तिचं ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या भावकीच्या नावानं मी दुकानात बसून जी लाखोली वाहिली, ती ऐकून दोन गिऱ्हाइकं झेरॉक्स न काढताच निघून गेली.

ज्यांना मी प्रत्येक मयताला बोलावून बोलावून आणलं, ती ही माणसं! जेवायला पहिल्या पंगतीला! आणि माझ्या बहिणीच्या सुखाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप!

अशा मनःस्थितीत मी केडगावच्या बाजारात भाजी घेत होतो, तर समोरून आमची एक चुलती आली. मी तोंड फिरवलं. तिनंही फिरवलं. आम्ही दोघं पाठमोरे एकाच गाड्यावरची एकच मेथी चाचपत राहिलो. शेवटी तिला राहवलं नाही.

"एवढं मोठं लगीन काढलं," चुलती मेथीला म्हणाली, "आनि सख्ख्या चुलतीला सांगावा न्हाई. आमी काय मेलो व्हय?"

"काकू! दोन आठवडे झाले पाठवून!"

"कुनाला पाठवलं? मला काय आलं न्हाई. कुनालाच न्हाई आलं. समदे म्हनत्यात, ताईला आपली लाज वाटती, राहुरीचं पाव्हनं लई शिकलेलं हाईत."

मी मेथी तिथेच टाकली. भाजीवाला माझ्या नावानं ओरडत राहिला.

दुकानात जाऊन पहिली गोष्ट केली. मंडळाच्या पत्त्यावरून बायकोला मेल टाकला, 'आज जेवायला काय?' घरी येऊन तिचा फोन मागून घेतला. मेल आलाच नव्हता. शोधता शोधता स्पॅम नावाचा कप्पा सापडला. आत एक बाई बिनव्याजी कर्ज देत होती, एक माणूस टकलावर केस उगवून देत होता, आणि या दोघांच्या मधोमध माझा मेल बसला होता.

बायकोनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "कंपनीला माणसाची पारख चांगली आहे हो!"

मग मी इंटरनेटवर वाचत बसलो. त्यातनं कळलं ते असं. पुष्कळ लोकांनी एकाच पत्त्याचे मेल स्पॅम म्हणून ढकलले, की तो पत्ता बदनाम होतो. मग ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्याकडेही त्याचे मेल परस्पर त्या अडगळीत जाऊन पडतात. गावात एकदा नाव खराब झालं की भला माणूसही दार उघडत नाही, त्यातलाच प्रकार. त्यात वर उद्गारचिन्हं, चित्रं आणि सगळ्यांना एकदम पाठवणं, म्हणजे मी आपणहून आगीत तेल ओतलेलं. पण लोकांनी मुळात ढकललं कशाला? मंडळाच्या चिटणिसाशी कोणाचं काय वैर?

तडक चुलतीच्या घरी गेलो. ती ओट्यावर बाजरी निवडत होती. म्हटलं, "काकू, फोन आणा. स्पॅम उघडा."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "आत्ता? आत्ता न्हाई बाबा. माझी आंगूळ झाली."

"आंघोळीचा काय संबंध?"

"आरं, समदी मयतं हाईत न्हवं त्यात! आंगुळीच्या आधी आला असतास तर उघडलं असतं. आता उघडायचं म्हंजी पुन्ना डोक्यावरनं पानी."

मग तिनं मला, लहान पोराला सांगावं तसं, सगळं सांगितलं. मयताचं पत्र घरात ठेवायचं नसतं हे काय मला ठाऊक नव्हतं का? आमच्या लहानपणी दहाव्याचं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. आता कार्डाऐवजी मेल यायला लागले. मेल फाडायचा कसा? डिलीट केला तर तो जातो कचऱ्याच्या डब्यात, आणि डबा तर घरातच! कोपऱ्यात का होईना, मयत घरातच राहिलं की. यावर पुष्कळ दिवस सगळ्यांचं डोकं चाललं. शेवटी नेवाशाच्या पाव्हण्यांनी, म्हणजे ताईच्या थोरल्या दिरांनी, उपाय काढला. मेलवर तीन टिंबं असतात ती दाबायची, खाली स्पॅम येतं, ते दाबलं की मेल घराबाहेर.

"त्यांनीच समद्यांना शिकवलं," चुलती म्हणाली. "दहाव्याला नदीवर कावळा शिवला की समदे फोन काढत्यात आनि मेल सोडत्यात. एकदम. तू नसतोस व्हय तिथं?"

मी असायचो की! मी तेव्हा माइकवाल्याच्या मागं लागलेला असायचो. पिंडाला कावळा शिवला रे शिवला की सगळी भावकी खाली मान घालून फोनवर अंगठा मारते, हे मी प्रत्येक दहाव्याला बघितलं होतं. मला वाटायचं, बाजारभाव बघतायत. आणि हे लोक नदीकाठी उभे राहून, सामुदायिकरीत्या, पूर्ण श्रद्धेनं माझा पत्ता बदनाम करत होते! जितका मयत मोठा, जितकी गर्दी जास्त, तितका माझा पत्ता खड्ड्यात.

हसावं की कपाळ बडवावं तेच कळेना. मी दोन्ही केलं.

मग सुरू झालं माझं आमंत्रणाचं काम. मेलच्या पत्रिकेसाठी दारोदार. लोक लग्नाची अक्षत द्यायला जातात, मी स्पॅम उघडायला जात होतो. प्रत्येक घरी तेच. स्पॅम घरात उघडणार नाही. ठीक आहे, मग उंबऱ्याबाहेर उघडा. केडगावच्या आमच्या गल्लीत दोन दिवस जो तो आपापल्या फाटकाबाहेर, चपला काढून, फोन अंगापासून लांब धरून उभा. मी मधे उभा राहून ओरडतोय, "पत्रिकेवर बोट ठेवा! 'स्पॅम नाही' दाबा! आता माझा पत्ता फोनमध्ये सेव्ह करा! आता मला उलट उत्तर द्या, नुसतं 'बरं' लिहिलं तरी चालेल!" उलट उत्तरं गेली की पत्त्याची अब्रू परत येते, असं मी वाचलं होतं. आबांनी तर उत्तरात 'बरं' हा एकच शब्द इतक्या वेळा लिहून पाठवला की मला त्यांना आवरावं लागलं. एक मावशी पत्रिका सापडल्यावर गणपतीला बघून म्हणाली, "अरे देवा, तू कुठं जाऊन बसलास!" आणि फोनवरच हळद वाहायला निघाली. पोरानं वेळेवर फोन ओढला.

पत्रिका वाचून सगळे खूश. येतो, येतो, का नाही येणार! रुसवा पार पळाला. पण ताईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "नेवासा?"

नेवाशाला मी मुद्दाम शेवटी गेलो. खरं सांगायचं तर टरकलो होतो. दीर अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून 'या पाव्हणं' म्हणाले, पण उठले नाहीत. पाण्याचा तांब्या आला. चहा आला, तोही कपबशीत, खास परक्या माणसासाठी काढतात त्या. मी समजलो, प्रकरण गंभीर आहे.

"आमच्या घरची सून," ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत म्हणाले. "तिचं लगीन ठरतं. आमाला कोन सांगतं? तर उसाचा टेम्पोवाला."

"पत्रिका पाठवलीय, भाऊसाहेब. तुमच्या फोनमध्ये आहे. तुम्हीच शिकवलेल्या कप्प्यात जाऊन पडलीय." आणि मी सगळी हकिकत सांगितली. बोलताना माझा आवाज चढला. चढणारच! "तुमच्या त्या सोडण्यानं माझ्या बहिणीचं लग्न अडलंय," मी म्हटलं. "ती तिकडं रोज झुरतेय. तुम्ही नाही म्हणालात तर ती लग्न मोडणार, आणि तुम्ही तर काहीच म्हणत नाही!"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तो कप्पा मी उघडनार न्हाई."

"उंबऱ्याबाहेरच आहात. सगळ्यांनी उघडला."

"समद्यांचं येगळं. माझा धाकटा हाय त्यात. सगळ्यात आधी त्याचंच पत्र सोडलं मी. आता पुन्ना त्याच्या दारात जाऊन, तुझ्या बायकूच्या लग्नाची पत्रिका दे म्हनू?"

मलाही मेव्हणे आठवले. चहा तसाच निवत ठेवला. मग मला एकदम आठवलं.

"भाऊसाहेब, ते तिथं नाहीत आता. स्पॅममधलं एका महिन्यात आपोआप पुसलं जातं. कंपनीच पुसते. कोणाचंच राहत नाही."

"खरं?"

"आईशप्पथ."

ते उठले. हातपाय धुऊन आले. टोपी घातली, चष्मा लावला आणि अंगणाच्या पार कडेला जाऊन फोन उघडला. मी शेजारी उभा. कप्प्यात सगळ्यात वर कोणीतरी त्यांना मोटार लागल्याचं कळवत होतं. त्याखाली पाय दुखायचं तेल. मग पत्रिकेच्या आठवडाभर आधीचं, आमच्या एका मामींचं दहाव्याचं पत्र. त्याला त्यांनी हात जोडले. मग ते खाली खाली बघत गेले, पार तळापर्यंत. त्यांना पत्रिका शोधायची नव्हती, ती तर मघाशीच येऊन गेली होती. ते भावाला शोधत होते.

"न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"म्हटलं ना."

"मंजी आपुन सोडला तो खरंच सुटला." आणि डोळे पुसून माझ्याकडे असं बघितलं, की जणू म्हणतायत, बघा, तुम्ही हसता, पण रीत खोटी नसती. ज्या युक्तीनं आमचा सगळा घोळ झाला, तिच्यावर त्यांचा विश्वास दुप्पट करून मी मोकळा झालो.

मग त्यांनी पत्रिका उघडली. एक एक ओळ बोट ठेवून वाचली. मोराची पिसंसुद्धा वाचली म्हणा ना. मी वाट बघत होतो. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला.

"बरं," ते म्हणाले. "पत्राला पत्र जाईल."

"भाऊसाहेब, तोंडी सांगा ना. होय की नाही, एवढंच. ताई..."

"पाव्हणं, तिनं पत्र धाडलं, रीतीनं धाडलं. उत्तरबी रीतीनं जाईल. मंडळाच्या मेलवर. या आता."

आलो परत. काय करणार! ताईला सांगितलं, पत्र येणार आहे. ती म्हणाली, "नाही म्हणायचं असलं की माणूस असंच लिहून कळवतो." मी म्हटलं तसं काही नाही. पण मलाही तसंच वाटत होतं.

रोज सकाळी दुकान उघडलं की मंडळाचा मेल बघायचो. भावकीची 'बरं' येत होती, कॅनडाचं अभिनंदन आलं, नेवाशाचं काही नाही. हॉलवाला विचारायला लागला. आचारी विचारायला लागला. त्या गृहस्थांनी मात्र काहीच विचारलं नाही. नुसते रोज येऊन ब्लडप्रेशर तपासून जायचे, आणि आता ते खरंच वाढलेलं असायचं. एका संध्याकाळी ताईनं मला फोन केला. आवाज अगदी शांत. "हॉल सोडून दे रे. मी त्यांना उद्या सांगते. समजूतदार आहेत, वाईट वाटून घेणार नाहीत." आणि फोन ठेवला.

मी पेटलो. रीत म्हणे रीत! काकण फुटू दिलं नाही त्याचं एवढं कौतुक, आणि आता पोरीला असं टांगून ठेवायचं? मी कॉम्प्युटरवर बसून नेवाशाला मेल लिहायला घेतला. त्यात मी जे जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको डबा घेऊन दुकानात आली होती, ती मागे उभी राहून वाचत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही गावभर सगळ्यांचे स्पॅम उघडत फिरलात. तुमचा स्वतःचा उघडला का?"

"माझ्यात कशाला जाईल? मी चिटणीस आहे!"

बोललो आणि जीभ चावली. मग उघडला.

बिनव्याजी कर्जवाल्या बाईच्या बरोबर खाली. नेवाशाहून. मी गेलो त्याच दिवशी संध्याकाळी आलेला. विषय कोरा, मजकूर कोरा, नुसता एक फोटो जोडलेला. नवखा पत्ता आणि असला मुका मेल. कंपनीनं बिचारीनं चोरच समजला त्याला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

फोटो उघडला तर वहीचा कागद, हातानं लिहिलेला. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. मी पुढचं वाचलंच नाही. तिचं पत्र, तिनंच आधी वाचायला हवं. दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं मोटारसायकलवर बसून थेट राहुरी गाठली.

ताई दारातच होती. माझं तोंड बघून घाबरली. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "नेवाशाचं पत्र आहे. तुझ्या दिरांचं."

तिनं फोन हातात घेतला नाही. आधी खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर नीट घेतला, थोरल्या दिरांसमोर घ्यायची तसाच. त्या एवढ्याशा काचेपुढे. मग दोन्ही हातांनी फोन घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"चि. सौ. कां..." आणि थांबली.

आमच्या पत्रिकेत आम्ही तिला श्रीमती लिहिलं होतं. तिनंच लिहायला लावलं होतं.

"हे त्यांनी चुकून लिहिलंय का रे?"

"वाच पुढं."

"चि. सौ. कां. मुलीस अनेक आशीर्वाद. पत्रिका मिळाली. वाचून समाधान वाटले. तुझे दोन्ही मामा आता राहिले नाहीत. तेव्हा मंगलाष्टकांना तुझ्या पाठीशी मामाच्या जागी मी उभा..."

पुढचं तिला वाचता येईना. ती दारातच खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. माझी बायकोही रडायला लागली. शेवटची ओळ मी वाचून दाखवली, "'तेव्हा मामाच्या जागी मी उभा राहीन. त्या जागी दुसऱ्या कोणाला बोलावू नये.'"

रडता रडता तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "हे आलंय कधी?"

मी सांगितलं कधी.

माझ्या बहिणीनं, उभ्या आयुष्यात पेशंटवरसुद्धा आवाज न चढवलेल्या बाईनं, मला जी शिवी हासडली ती ऐकून समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. मग ती डोक्यावरचा पदर तसाच ठेवून उठली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "उत्तर मेलनं पाठवू नकोस मेल्या. गाडी ठरव. मला नेवाशाला जायचंय."